पटावरची होड

धानाची मळणी उरकली की गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावी शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस सुरू होतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. आणि गर्दीच्या कडेला, कायदा काहीही म्हणो, होड लागते. कोणती जोडी मारेल हे सांगणारे जाणकार तिथेच उभे असतात. त्यांचं ऐकून पैसा लावावा का?

त्यांची नजर खोटी नसते. दोन्ही बैलांची चाल जुळते का, एक दुसऱ्याला ओढून नेतो का, जोडी किती लांबून आली, कालच कुठे धावली का, माती भुसभुशीत आहे का, जोडी हाकणारा धुरकरी सुटताना जनावर शांत ठेवतो का, हे सारं बघून बांधलेला अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा असतो असं मानलं. मग महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तिकीट घेणारा शौकीन आणि पटावर होड लावणारा शेतकरी जुगारी, हा भेद का? हा सवाल रास्त आहे. घोड्यांना दिलेली सूट बैलांना नाही. होडीचा करार कायद्याने रद्दबातल असल्याने जिंकलेले पैसे कोणी बुडवले तर कोर्टातही जाता येत नाही.

तरीही मी होडीला मोकळीक द्या म्हणणार नाही. परदेशात दुचाकी गाडीला जुंपलेले घोडे दुडक्या चालीने धावतात, तिथे प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यतींच्या वेळा, सारथी आणि सुटण्याची जागा छापून मिळते. जनावराची उत्तेजक औषधांसाठी तपासणी होते. तिथल्या सल्ल्याला काही पाया असतो. आपल्याकडे बहुतेक पटांची अशी नोंद प्रेक्षकाच्या हाती पडत नाही. मग सल्ला म्हणजे ऐकीव गोष्ट, आणि सांगणाऱ्याचेच पैसे त्या जोडीवर लागलेले असू शकतात.

त्याहून मोठी काळजी बैलाची. बक्षिसासाठी धावणाऱ्या जोडीवर लोकांचे हजारो रुपये लागले की धुरकऱ्याच्या हाती टोचायची आर येते, शेपटी पिरगाळली जाते. याच क्रूरतेमुळे 2014 मध्ये बंदी आली. डिसेंबर 2021 मध्ये शर्यती अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारी राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. बैलाचे हाल होणार नाहीत, या अटीवर ही परवानगी उभी आहे. होडीपायी ती गमावणं गावांना परवडणारं नाही.

बंदीने होड थांबत नाही, ती चोरून लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून नुसत्या पोलिसी धाडींवर माझा भरवसा नाही. आयोजकांनी प्रत्येक जोडीची वेळ सेकंदांत फलकावर लिहावी, पशुवैद्यकाची तपासणी सर्वांसमोर व्हावी, आर वापरणाऱ्याची जोडी तिथल्या तिथे बाद करावी. परवानगी देताना जिल्हाधिकाऱ्यांनी हे आयोजकांकडून लिहून घ्यावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. येत्या हंगामापासूनच सुरुवात करता येईल.