कांद्याची लागण आणि नववीचा वर्ग



या सदरात नेहमी बी-बियाणे आणि खतांचीच चर्चा होते. आज शाळेविषयी लिहितो. पण सुरुवात कांद्यापासूनच करावी लागेल.

आपल्या चांदवडला शाळा नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. नेमिनाथ जैन संस्थेचे काम १९२८ पासून चालू आहे, आज तिचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. तरी नववी-दहावीत पोरे गळतात. घरी विचारावे तर उत्तर तयार असते, "त्याचं डोकंच चालत नाही." मला हे पटत नाही.

कांद्याचे वेळापत्रक पाहा. खरिपाची लागण जुलै-ऑगस्टात, रांगड्याची सप्टेंबर-ऑक्टोबरात, उन्हाळची डिसेंबर-जानेवारीत. मध्ये आधीच्या कांद्याची काढणी. उन्हाळ कांदा निघू लागतो तो मार्चात, परीक्षेच्या तोंडावर. टोळी वेळेवर मिळत नाही, रोप थांबत नाही, मग "दोन दिवस राहू दे शाळा." दोनाचे आठ होतात. तेवढ्यात गणिताचे मास्तर समीकरणे शिकवून पुढे गेलेले असतात. पोरगा परत जातो, काही उमगत नाही, विचारायची लाज वाटते, मागच्या बाकावर बसतो. पुढच्या लागणीला तो आपणहून घरी राहतो. मग फेब्रुवारीत शिकवणी लावायची! पोसण्याच्या वेळी कांद्याला ताण दिला आणि मागाहून भरपूर पाणी सोडले तर कांदा फुटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मुलीचे आणखी अवघड. आई लागणीला गेली की धाकटे भावंड आणि चूल तिच्याकडे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतचा, वयाने चौदापर्यंतचा. नववीनंतर त्या कायद्याचा आधार संपतो. मग स्थळे येऊ लागतात. अठराच्या आत लग्न लावणे गुन्हा आहे, हे ठाऊक असूनही. एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच्या मुलींना मिळतो, आणि तो ज्यांच्या नावाने आहे त्या अहिल्यादेवींचा रंगमहाल आपल्याच गावात उभा आहे. पण मळ्यातल्या वस्तीपासून थांबा लांब, हिवाळ्यात लवकर अंधार. शेजारच्या चार घरांच्या मुली मिळून जाऊ द्या. गाडीची वेळ जुळत नसेल तर ग्रामसभेत ठराव करून आगारात द्या. एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन असते.

आता माझ्या खात्यातले. उळे एकदम टाकू नका, आठ-आठ दिवसांच्या अंतराने टाका, म्हणजे सगळी लागण एका आठवड्यात अंगावर येत नाही. भाऊबंदांत सावड करा. पोरांनी रविवारी नि दिवाळीच्या सुट्टीत रानात यायला माझी मुळीच हरकत नाही. शेतकऱ्याच्या पोराला रोप धरता आलेच पाहिजे. "शेतीच करायची, दहावी कशाला?" असे विचारणाऱ्याने कृषी पदविकेच्या प्रवेशाची अट वाचावी. पहिली अट दहावीचीच आहे.

ज्याचे नाव आधीच कमी झाले, त्याच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे; बाहेरून दहावीला बसता येते. मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करते, जवळच्या हायस्कुलात विचारा. आणि मार्चमध्ये विषय राहिलेल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागत नाही. २०१५ पासून पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला होते. निकाल लागला की फॉर्म लगेच भरा, खरिपाच्या लागणीत तो राहून जातो.