शाळेच्या भिंतीवर फाटकाबाहेरचा निसर्ग हवा



जून जवळ आला की गावोगावच्या शाळांत रंगकामाची घाई सुरू होते. पोपडे खरवडले जातात, पेंटर येतो, मोबाइलमधली तयार चित्रे मुख्याध्यापकांपुढे धरतो आणि दोन-तीन दिवसांत भिंती ‘बोलक्या’ होतात. पेंग्विन, जिराफ, दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य. नंदुरबारला तीच चित्रे आणि रत्नागिरीलाही तीच.

मी चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवले आहे. शाळेच्या भिंतीवर रंगवायचा निसर्ग शाळेच्या फाटकाबाहेरचा असावा आणि मुलांनी तो आधी स्वतः पाहून वहीत काढलेला असावा, असा माझा आग्रह आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्रासाठी आपण मुलांसमोर वस्तू ठेवतो आणि ‘दिसते तसे काढ’ म्हणतो. भिंतीपाशी आलो की हे सारे का विसरतो?

तामणीचेच घ्या. राज्यफूल कोणते, हे मुलांना पाठ असते. पण मे महिन्यात रस्त्याकडेला जांभळ्या फुलांनी लगडलेले झाड हेच तामण, हे कितीजणांना सांगता येते? पेन्सिल घेऊन फुलासमोर बसले की पाकळीच्या चुरगळलेल्या कडा दिसू लागतात, ती देठाशी केवढी निमुळती होते ते कळते, मधला पिवळ्या पुंकेसरांचा झुबका काढताना हात अडतो. असा हात अडला की ते झाड मुलाला पुन्हा अनोळखी राहत नाही. शेकरू, धनेश, रातांबा यांचेही तसेच.

वारली चित्रांचीही आपण दुर्दशा केली आहे. शेण-गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी आणि लग्नघरी सवाशिणींनी लिहिलेला चौक, इथून ही कला आली. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी शाळेच्या कुंपणावर स्टेन्सिल ठेवून त्रिकोणी माणसे छापली जातात. वारलीच हवी असेल तर डहाणू, जव्हार, तलासरीच्या पाड्यांवरच्या चित्रकारांना बोलवा, योग्य मानधन द्या, मुलांना त्यांच्याशेजारी बसू द्या. आणि रत्नागिरी-राजापूरकडच्या शाळांनी आधी आपल्या सड्यांवरची कातळशिल्पे पाहावीत. कशेळीच्या सड्यावर कोरलेला प्रचंड हत्ती आणि त्याच्या आतल्या प्राण्यांच्या आकृती पाहिलेल्या मुलाला पेंग्विनची गरज भासणार नाही.

सुशोभीकरणाच्या नावाखाली जिवंत झाडांच्या खोडांवर ऑइलपेंटने फुले-पक्षी काढण्याचा प्रकार मात्र ताबडतोब थांबवायला हवा. सालीवरच्या बारीक छिद्रांतून झाडाची हवेची देवघेव चालते. तीच आपण रंगाने बुजवतो. पिंपळाच्या सालीवर पिंपळाचे चित्र काढून कोणाचे भले होते?

अनुदान तुटपुंजे, मुदत जवळची आणि फोटो वेळेत पाठवायचे, ही मुख्याध्यापकांची अडचण खरी आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मुलांनी आधी पाहून काढण्याच्या पद्धतीला पैसे जास्त लागत नाहीत, वेळ लागतो. कोकणात चिऱ्याच्या भिंतीवर पावसाच्या तोंडावर दिलेला रंग ओल धरून सुटतो, म्हणजे आजची घाई तशीही वाया जाते. त्यापेक्षा पावसाळाभर मुलांनी आवारात हिंडून रेखाटने करावीत, त्यातली निवडक चित्रे दिवाळीनंतर कोरड्या भिंतीवर उतरवावीत. शिक्षण विभागाने रंगकामाची मुदत त्याप्रमाणे बदलावी, आणि सुंदर शाळांच्या स्पर्धेत गुण देताना चित्र कोणी काढले व त्यातले झाड शाळेपासून किती अंतरावर आहे, हे दोन प्रश्न परीक्षकांनी जरूर विचारावेत.

– एक निवृत्त कलाशिक्षक, रत्नागिरी