जास्वंद आणि मोह

फुलाचे भाग शिकवायचे म्हटले की आपल्या वर्गात जास्वंद येते. बोदवडच्या शाळेत त्याने फारसे बिघडत नाही. मात्र तापी ओलांडून उत्तरेस गेले, की यावल-रावेरच्या सातपुड्यात तडवी आणि पावरा मुले चैत्रात टोपल्या भरभरून जे फूल वेचतात, ते मोहाचे.

मग धडा मोहापासून का सुरू होऊ नये? ‘विज्ञान सार्वत्रिक आहे, त्याला आदिवासी-बिगरआदिवासी काय?’ असा प्रतिवाद होतो. नियम सार्वत्रिक असतात, हे मान्य. पण ते नियम शोधायला लावणारा प्रश्न जिथल्या तिथेच पडतो. जास्वंद तोडली की तिच्याबरोबर अंडाशयही हाती येते. मोहाची फुले रोज पहाटे वेचून नेली तरी त्याच झाडाला पुढे फळे धरतात. हे कसे? खाली पडतो तो पुंकेसरांसह दलपुंज; अंडाशय फांदीवरच राहते. मोह वेचणारी मुलगी याचे उत्तर स्वतःच्या हातांनी शोधू शकते.

‘सांस्कृतिक संदर्भा’च्या नावाखाली आपण देतो काय? पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वारली चित्र, किंवा ‘पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ हा अभिमान. दोन्हींत मुलांनी विचार करावा अशी अपेक्षाच नाही. फुले वेचणे सोपे जावे म्हणून मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे. त्या आगीत मोहाची कोवळी रोपेही जळतात. या रीतीलाही वर्गात जाब विचारता आला पाहिजे. एरवी त्या शिक्षणाला कौतुकसोहळा म्हणावे.

हे अशक्य नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून परिसर आणि प्रयोग यांवर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू झाले. तीस वर्षे ते चालले. २००२ साली राज्य शासनाने ते बंद केले. शालेय ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडा, असे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ साली सांगितले. सांगणे सोपे असते.

आणि आपण, साहित्याचे अध्यापक? ‘दलपुंज’ हा शब्द पावरी बोलणाऱ्या मुलीला इंग्रजीइतकाच परका आहे. परिभाषा तिला मिळालीच पाहिजे, पण तिच्या स्वतःच्या शब्दाचा हात धरून. आपण मात्र तिची बोली लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत बंदिस्त केली. त्या बोलीत गाणी असतात हे आपण मान्य केले. तिच्यात शंकाही विचारता येते, हे मान्य करणे अजून बाकी आहे.