हरायचे पैसे



मुंबईतला आकडा जुन्या मंडळींना आठवत असेल. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर पैसे लागायचे, मग मटका आला. पण कापसाचा भाव काही लावणाऱ्याच्या हातात नव्हता. नातवंडांच्या व्हिडिओ गेममध्ये मात्र निकाल खेळणाऱ्याच्याच हातात, म्हणून हरायचेही पैसे मिळतात!

काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुकीला रंगीत रूप देतात, त्याला म्हणतात स्किन. दिसायला खेळणं, पण डॉलर मोजून विकलं जातं. म्हणून पैजेतही स्किन लावतात. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेचा नावाजलेला आयबायपॉवर संघ एका दुबळ्या संघाकडून 16-4 असा हरला. सगळे चाट! मागाहून कळलं, सामना मुद्दाम सोडला होता आणि मोबदला स्किनमध्ये पोचला होता. जानेवारी 2015 मध्ये गेम बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने संघातल्या चौघांना आपल्या स्पर्धांतून काढलं. पाचव्याने वाटा घेतला नव्हता, तो वाचला. तोच जानेवारी 2018 मध्ये बोस्टनला क्लाउड नाइन संघातून मोठी स्पर्धा जिंकला.

कोरियात 2016 साली ली सुंग-ह्यून या स्टारक्राफ्ट विजेत्याला तर कोर्टाने शिक्षा केली. दोन सामने हरायला त्याने 7 कोटी वॉन घेतले होते.

इथे शुगर लँडला आपली पोरं खेळतात, खेळू देत. पण बाळांनो, कुणी स्किन देऊन "हर" म्हणाला तर घरी सांगा. आणि आजी-आजोबांनो, तेव्हा रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी पोरगं सांगणारच नाही.