मुलाखत नुसती पाहायची?

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. तरी कायद्याच्या शिक्षणात नाक खुपसतोय, कारण बग शोधणं आणि केस उभी करणं यात मला फार फरक दिसत नाही.

लॉ कॉलेजात प्रात्यक्षिक म्हटलं की मूट कोर्ट. काळा कोट, 'माय लॉर्ड', ट्रॉफी. मजा येत असणारच. पण मूटमध्ये सगळी हकीकत आधीच छापून हातात मिळते. खरा अशील असा छापील येत नाही हो.. तो येतो "मालक डिपॉझिट देत नाहीये" एवढंच घेऊन.

हाच प्रश्न पाच जणांच्या गटाला द्या. करार नोंदवलेलाच नाही म्हटल्यावर निम्म्यांना वाटेल, संपलं! पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. हे पाठ करता येतं. पण रंगकामाचे पैसे कापायचं तोंडी ठरलं होतं, हे अशील आपणहून सांगत नाही, खोदून काढावं लागतं. डिपॉझिट रोख दिलं की बँकेतून? एकाने स्टेटमेंट तपासावं, एकाने नोटिशीचा मसुदा करावा आणि एकाने मुद्दाम मालकाच्या बाजूने भांडावं. आमचे टेस्टर दुसरं काय करतात?

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात कायदा असाच लहान गटांत, प्रश्नापासून सुरुवात करून शिकवतात. पद्धत मूळची डॉक्टरांची, कॅनडात मॅकमास्टरला 1969 साली सुरू झालेली.

गटात एक जण राबतो आणि बाकीचे नाव लावतात, हे खरंय. (इंजिनिअरिंगचा फायनल इयर प्रोजेक्ट आठवा!) त्यासाठी तोंडी परीक्षेत कोणालाही कोणताही भाग विचारावा. नोटीस लिहिणाऱ्याला स्टेटमेंटबद्दल विचारा, कळेल.

नियम आड येतात असंही नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत मूटच्याच पेपरात 30 गुण अशिलाच्या मुलाखती आणि खटल्यापूर्वीच्या तयारीला आहेत. पण तिथे विद्यार्थ्याने दोन मुलाखती 'पाहायच्या' आणि डायरीत उतरवायच्या. माझा आक्षेप नेमका इथे आहे. विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येत नाही, ठीक. पण कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात, शेजारी अनुभवी वकील बसवून, त्या डिपॉझिटवाल्याला चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे?