कर्नाळ्याच्या वाटेवरील शिरढोण

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाला लागले की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनच खुणावू लागतो. तेथील पक्षी अभयारण्यात सुटीच्या दिवशी सहकुटुंब येणाऱ्यांची वर्दळ असते. येणे उत्तमच, पण डबे उघडायचे, छायाचित्रे काढायची आणि परतायचे, एवढ्यासाठी येथवर कशाला यायचे? त्याला घराजवळची बागही पुरते!

हा किल्ला १६६५च्या पुरंदर तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये शिवरायांनी तो परत जिंकला. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली टाकी आजही दिसतात. (वर मधमाश्यांची मोहळे असतात, आरडाओरडा करणाऱ्यांना त्याच शहाणे करतात.)

खंत वेगळीच आहे. वाटेवरचे शिरढोण आपण न थांबताच मागे टाकतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये तेथे जन्मले. त्यांचे आजोबा याच गडाचे किल्लेदार. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला. त्याची सल त्या घरात राहिली असणारच. १८७९ मध्ये नातवाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि १८८३ मध्ये एडनच्या बंदिवासात देह ठेवला.

पुढच्या सहलीत मुलांना आधी शिरढोणला उतरवावे, मग रानातून गडाची वाट धरावी. वरून ते गाव कोठे दिसते, हे त्यांनाच शोधू द्यावे.