वेळापूरचा रिकामा पालखीतळ आणि देवाचे सान्निध्य

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून येथे येते व एका रात्रीच्या मुक्कामानंतर भंडीशेगावकडे मार्गस्थ होते. २०२० व २०२१ साली मात्र येथील पालखीतळ रिकामा राहिला. कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरकडे नेण्यात आल्या.

त्याच काळात आमची प्रार्थनामंदिरेही बंद होती. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या निर्मनुष्य चौकात, पावसात, वादळात सापडलेल्या शिष्यांच्या प्रसंगावर मनन केले. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण आम्ही घरातच साजरा केला. मेळावा नाही, मिरवणूक नाही. मग देव कोठे भेटणार, हा प्रश्न वारकऱ्यांपुढे होता तसाच आमच्यापुढेही होता.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. संकटे मात्र संपली नाहीत. २०२३ साली पावसाने ओढ दिली आणि ऑक्टोबरअखेर शासनाने दुष्काळग्रस्त घोषित केलेल्या ४० तालुक्यांत माळशिरसचा समावेश झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा पाणीसाठा उणे पातळीत गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यात सीना नदीच्या पुराने उभी पिके बुडवली.

अशा वेळी बायबलमधील सारफथच्या विधवेची आठवण होते (१ राजे, अध्याय १७). देशात दुष्काळ पडलेला. तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल उरलेले. तेवढ्यावर शेवटची भाकर करून खावी व मरणाची वाट पाहावी, या विचाराने ती काटक्या वेचत होती. तेथे आलेल्या एलीया संदेष्ट्याने तिच्याकडे पाणी आणि भाकर मागितली. ती त्याच्या समाजाची नव्हती, तरीही तिने आधी त्याला दिले. पाऊस पडेपर्यंत तिचे पीठ सरले नाही आणि तेलही आटले नाही. देवाचे सान्निध्य तिला मंदिरात नव्हे, चुलीपाशी लाभले. आणि तेही परक्या माणसाला वाढताना.

आम्हांला येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. देव चुलीपाशी भेटतो, म्हणून चूल विझवणाऱ्या कारणांकडे डोळेझाक करणे ही श्रद्धा नव्हे. पावसाची तूट निसर्गाची असली, तरी धरणातले पाणी उसाला किती आणि पिण्यासाठी किती, हा निर्णय माणसांचा असतो. सुरक्षित पिण्याचे पाणी मिळणे हा मूलभूत मानवी हक्क आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणून पावसासाठी प्रार्थना करणाऱ्याने ग्रामसभेत पाण्याच्या न्याय्य वाटपाचा आग्रहही धरावा. ही दोन्ही कामे एकाच विश्वासातून घडतात.

रोज रात्री निजण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारू या : आज माझ्या दाराशी कोण तहानलेला आला होता, आणि मी त्याला काय दिले? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधताना, प्रभू आज आपल्याला कोठे भेटला हेही उमगेल.